पंधराशे व्होल्टची गाडी

९ एप्रिल २०१६ ची शनिवारची रात्र. कुर्ला स्थानकातून एक लोकल हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघाली. गाडी नेहमीचीच होती. खिडक्यांना तेच लोखंडी गज, उभ्या प्रवाशांसाठी त्याच डुलणाऱ्या कड्या आणि मोटरच्या डब्याखालून येणारी तीच धडधड. ती टर्मिनसला पोहोचली आणि मुंबईच्या लोहमार्गावरील एक युग संपले. पंधराशे व्होल्ट दाबाच्या एकदिश विद्युत्प्रवाहावर, म्हणजे लोकांच्या भाषेत डी. सी. वर, धावणारी ती शेवटची उपनगरी गाडी होती.

या प्रसंगात एक विलक्षण योग आहे. या जातीची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गावर, परंतु उलट दिशेने धावली होती. त्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या उपस्थितीत बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून चार डब्यांची एक गाडी हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. भारतातील ती पहिली विजेची आगगाडी. गेलेली गाडी परत यावी आणि मगच दिवा मालवावा, तसे हे घडले. मध्ये एक्याण्णव वर्षे, दोन महिने आणि सहा दिवस लोटले होते.

आपल्याकडे इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह. वसईचा इतिहास काढला की आपण १७३९ च्या मोहिमेशी आणि किल्ल्याच्या पडक्या तटाशी जाऊन थांबतो. ज्या गाडीने आपल्या तीन-चार पिढ्यांची पहाट आणि रात्र ठरविली, कुणाच्या घरी पगार आणला आणि कुणाच्या घरचा कर्ता मुलगा नेला, तिचा इतिहास मात्र आपण लिहीत नाही. शासनदप्तरी या गाड्यांचे कुळनाम होते डब्ल्यू. सी. यू. पहिले अक्षर रुंद मार्गाचे, दुसरे एकदिश प्रवाहाचे आणि तिसरे अनेक डब्यांच्या स्वयंचलित गाडीचे. या कुळाची कथा सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. या कथेचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो एक आकडा आहे : १५००.

धूर, घाट आणि वीज

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. त्यानंतरची सत्तर वर्षे कोळसा आणि वाफ यांची होती. वाफेच्या इंजिनाने मुंबईला पोसले, वाढविले. पण तिला त्याच इंजिनाचा भारही झाला. गाडी शेवटच्या स्थानकावर आली की इंजिन सोडवायचे, फिरवायचे, पाणी-कोळसा भरायचा आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. गिरण्या आणि कचेऱ्या यांच्या वेळांना हजारो माणसे एकदम फलाटावर येऊ लागली, तेव्हा हा वेळ परवडेनासा झाला. वाफेची गाडी वेगही सावकाश घेते. दर मैल-दीड मैलावर थांबणाऱ्या गाडीला हा दोष फार महाग पडतो.

दुसरी अडचण सह्याद्रीची होती. बोरघाट आणि थळघाट चढताना गाडीला सदतीस फुटांत एक फूट चढावे लागे. तेथे वाफेची इंजिने धापा टाकीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे आपल्या जी. आय. पी. ला, उपनगरांतील गर्दी आणि घाटातील चढ या दोन्हींवर एकच उपाय दिसत होता, तो विजेचा. त्याला सह्याद्रीनेच हातभार लावला. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खाली सोडून खोपोलीला वीज निर्माण होऊ लागली ती १९१५ मध्ये. ज्या डोंगराने गाडीची वाट अडविली होती, त्याच डोंगराचे पाणी मुंबईला वीज पुरवू लागले. पुढे जी. आय. पी. ने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजकेंद्रही उभारले.

आता प्रश्न होता, वीज कोणत्या प्रकारची आणि किती दाबाची? त्या काळी एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर ही सर्वांत विश्वासू समजली जाई. जोर लावून सुटणे हा तिचा गुण, आणि उपनगरी गाडीला नेमका तोच हवा. १९२१ मध्ये ब्रिटनमधील एका अधिकृत समितीने लोहमार्गांसाठी पंधराशे व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची शिफारस केली. मुंबईनेही तोच दाब स्वीकारला. निर्णय घेणाऱ्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्यासमोर असलेल्या ज्ञानानुसार तो उत्तम निर्णय होता. मात्र एकदा तारा ताणल्या, उपकेंद्रे बांधली, गाड्या आणल्या, की निर्णय घेणारे जातात आणि निर्णय उरतो. तो पुढे तीन-चार पिढ्यांनी भोगायचा असतो, याची कल्पना १९२५ च्या त्या समारंभात कुणाला असणार?

पहिल्या गाड्या परदेशातून आल्या. इंग्लंडचा कॅमेल लेर्ड आणि जर्मनीचा युर्डिंगेन हे त्यांचे कारखाने. १९२९ मध्ये विजेची तार पुण्याला पोहोचली, १९३० मध्ये इगतपुरीला. पश्चिमेकडील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेही मागे राहिली नाही. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत तिची विजेची गाडी सुरू झाली. त्या वेळी गाडी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जात असे. कुलाब्याचा तो फाटा १९३० च्या अखेरीस बंद झाला आणि चर्चगेट हे शेवटचे स्थानक ठरले.

खाडी ओलांडून

वसईकरांना आगगाडी नवी नव्हती. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत सकाळी एक आणि संध्याकाळी परतीची एक अशी गाडी धावू लागली होती. मुंबईच्या पश्चिम मार्गावरील उपनगरी वाहतुकीचा प्रारंभच आपल्या विरारपासून झाला, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. परंतु दिवसाकाठी एखाददुसरी वाफेची गाडी म्हणजे प्रवासाची सोय. ती जीवनाची रीत होत नाही. वसई रोड हे स्थानकच मुळी जुन्या वसईपासून कोसभर दूर. भाजीपाला आणि केळी यांना मचव्याची वाट अधिक ओळखीची होती.

१९३६ मध्ये विजेची तार बोरिवलीहून भाईंदरची खाडी ओलांडून विरारला आली. पंधराशे व्होल्टची गाडी वसईत शिरली ती तेव्हा. तिने काय केले? तिने अंतर मैलांत मोजण्याची आपली सवय मोडली आणि मिनिटांत मोजण्याची लावली. नंदाखाल, निर्मळ, गिरीज, भुईगाव, पापडी, सांडोर येथला शेतकरी पहाटे तोडलेला माल सकाळच्या बाजाराला दादर, पार्ले, अंधेरीला नेऊ लागला. वसईची केळी, पाने, सोनचाफा आणि मोगरा, म्हशीचे दूध या सगळ्यांना मुंबईत रोजचे गिऱ्हाईक मिळाले. लगेजच्या डब्यात लाल लुगडे नेसलेल्या आपल्या बाया टोपल्यांना टेकून बसत. दूधवाले खिडकीच्या गजांना कॅन लटकावीत आणि डब्याला दुधाचा व ओल्या गोणपाटाचा वास येई.

माझी आजी या बायांपैकी एक होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण कोणती गाडी दादरला कोणत्या फलाटावर लागते आणि टोपली कोणत्या बाजूने उतरवायची, हे तिला पाठ होते. घड्याळ तिच्या घरात पुष्कळ उशिरा आले. तोवर पहिल्या गाडीची कर्णकर्कश शीळ हेच तिचे घड्याळ होते. तिने फुले विकून मुलांना शाळेत घातले आणि तीच मुले पुढे त्याच गाडीने, पण शेजारच्या डब्यातून, कचेरीत जाऊ लागली. एका पिढीत कुटुंब लगेजच्या डब्यातून प्रवाशांच्या डब्यात आले. वसईच्या किती घरांची ही कहाणी आहे, हे वाचकांना सांगावयास नको. परदेशी न जाता आणि वाडी न विकता घरात पगार येऊ शकतो, सकाळी मुंबईत टंकलेखन आणि संध्याकाळी वाडीत शिंपणे ही दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो, हे या गाडीने शक्य केले. गावात राहून शहराचे होणे ही वसईची रीत या गाडीने घडविली.

डब्याखालचे यंत्र

१९५१ साली जुन्या कंपन्या जाऊन मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. त्यानंतर हळूहळू परदेशी गाड्यांची जागा देशी गाड्यांनी घेतली. कलकत्त्याच्या जेसप कारखान्याने आणि पुढे मद्रासजवळच्या पेरांबूर येथील कारखान्याने डी. सी. लोकलचे डबे बांधले. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली ती हीच पिवळ्या-तपकिरी रंगाची गाडी.

तिची रचना साधी होती. एक मोटरचा डबा आणि त्याला जोडलेले दोन बिनमोटरचे डबे असा तिघांचा संच. तीन संच जोडले की नऊ डब्यांची गाडी, चार जोडले की बारा डब्यांची. मोटरच्या डब्याच्या चारही आसांवर एकेक मोटर. छतावरचा पेंटोग्राफ तारेतून वीज घेई. पंधराशे व्होल्ट एकदम मोटरला दिले तर ती जळून जाईल. म्हणून आधी वीज रोधकांतून नेत. गाडीला वेग आला की एकेक रोधक वगळत जात. सुटताना ओळीत जोडलेल्या मोटरी पुढे समांतर जोडल्या जात. मोटरमन हँडल पुढे सरकवी तेव्हा डब्याला जे छोटे छोटे हिसके बसत, त्यांचे मूळ हे. सुटताना काही वीज रोधकांत नुसती तापून वाया जाई आणि थांबताना गाडीचा सगळा वेग चाकांवर घासणाऱ्या ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन संपे. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत ही उधळपट्टी अहोरात्र चालू होती.

आता पंधराशे या आकड्याचे मर्म सांगतो. ज्यांच्या वाडीत पाण्याची टाकी आहे त्यांना हे लगेच कळेल. टाकी उंचावर असेल तर बारीक नळातूनही भरपूर पाणी मिळते. टाकी ठेंगणी असेल तर तेवढ्याच पाण्यासाठी नळ जाड लागतो आणि लांबच्या कोपऱ्यापर्यंत धार पोहोचतच नाही. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. पंधराशे व्होल्टची टाकी ठेंगणी. म्हणून तारा जाड लागत, दर काही किलोमीटरवर एक उपकेंद्र लागे आणि तरीही दोन उपकेंद्रांच्या मध्ये बऱ्याच गाड्या एकदम सुटल्या की दाब उतरे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे ए. सी. ची, पद्धत यशस्वी झाली आणि १९५७ मध्ये भारतानेही तीच आपली प्रमाण पद्धत म्हणून स्वीकारली. तेवढीच शक्ती या पद्धतीत सुमारे सतरापट कमी प्रवाहातून मिळते. मद्रासची डी. सी. गाडी साठच्या दशकात नव्या पद्धतीवर गेली. हावडा ते बर्दवान हा मार्ग तीन हजार व्होल्टवर होता, तोही बदलला. मुंबई मात्र बदलली नाही. गाड्या, तारा, उपकेंद्रे यांचा पसारा एवढा मोठा होता आणि त्यांवर रोज इतकी माणसे अवलंबून होती की हे यंत्र थांबवून दुरुस्त करण्याची सवड कुणालाच सापडेना. ज्याच्यावाचून एक दिवसही चालत नाही, ते सुधारणे सर्वांत कठीण असते.

विरारची अदृश्य भिंत

या विलंबाचा एक परिणाम आपल्या दारातच झाला. सत्तरच्या दशकात मुंबई-अहमदाबाद मार्गाचे विद्युतीकरण झाले ते पंचवीस हजार व्होल्टवर. गुजरातकडून येणारी नवी तार आणि मुंबईकडून गेलेली जुनी तार विरारपाशी भेटल्या. पण त्यांना एक होता येईना. दोहोंच्या मध्ये वीज नसलेला तारेचा एक तुकडा ठेवावा लागला. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी दोन्ही दाबांवर चालणारी खास इंजिने तयार करण्यात आली. उपनगरी गाडीला ती सोय नव्हती. तिच्या मोटरी पंधराशे व्होल्टसाठी जन्मल्या होत्या. विरारच्या पुढे तिला पाऊल टाकता येत नव्हते.

नकाशावर ही रेषा दिसत नाही. पण तिने दोन जगे वेगळी ठेवली. विरारच्या अलीकडे काही मिनिटांनी गाडी; विरारच्या पलीकडे वैतरणा, सफाळे, केळवे, पालघर, बोईसर, डहाणू येथील लोकांना मोजक्या शटल आणि पॅसेंजर गाड्या. त्या चुकल्या तर तास-दोन तास फलाटावर. वारली, कातकरी, कोळी, मच्छीमार, सफाळ्याची भाजीवाली, बोईसरचा कारखान्यातील कामगार या सर्वांना विरारला उतरून, जिना चढून, पुन्हा गर्दीत शिरावे लागे. केवळ विजेचा दाब हेच याचे कारण होते असे मी म्हणणार नाही. दोनच लोहमार्ग, त्यांवर धावणाऱ्या मेल व मालगाड्या हीही कारणे होती. तरीही त्या अडीच पिढ्यांच्या उपेक्षेत पंधराशे या आकड्याचा वाटा निःसंशय मोठा होता.

आपण वसईकर या भिंतीच्या अलीकडे होतो. आपल्याला गर्दीचे दुःख होते, पण गाडी होती. भिंतीपलीकडच्या माणसाला गर्दीतही जागा नव्हती. विरार लोकलमध्ये बोरिवलीच्या प्रवाशाला शिरू न देणारे आपले बांधव स्वतःवरील अन्यायाविषयी तावातावाने बोलत. पण विरारच्या पलीकडे कोण उभे आहे हे त्यांच्यापैकी, आणि खरे सांगायचे तर माझ्यापैकीही, फार थोड्यांनी पाहिले. मी सेमिनरीत असताना गोरेगावहून घरी येताना विरार लोकलने वसईला उतरत असे. ती गाडी विरारलाच का संपते, हा प्रश्न मला त्या सगळ्या वर्षांत एकदाही पडला नाही.

दारातील माणूस

तार ठेंगणी आणि माणसांची भरती वाढती. उपाय एकच उरला, गाडी लांब करणे. चार डब्यांची गाडी आठ डब्यांची झाली, साठच्या दशकात नऊ डब्यांची आणि १९८६ मध्ये बारा डब्यांची. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू झाली. पुढील वर्षी ती विरारपर्यंत आली. याच काळात वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींची दृष्टी वळली होती. १९८८-८९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीची आठवण वाचकांना असेलच. जी गाडी वसईची भाजी शहरात नेत होती, तिनेच शहर वसईत आणले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. बोरिवली ते विरार मात्र शतक उलटून काही वर्षे होईपर्यंत दोनच मार्ग होते. तिसरा आणि चौथा मार्ग पूर्ण व्हायला २००७ च्या सुमाराचा काळ उजाडला.

मधल्या काळात माणसे दारात लटकली. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी सुमारे साडेतीन हजार माणसे मृत्युमुखी पडत होती. त्यांतील बहुसंख्य रूळ ओलांडताना आणि त्याखालोखाल गाडीतून पडून. एखाद्या युद्धात एवढी माणसे गेली असती तर तिची स्मारके झाली असती. इथे वृत्तपत्रात दोन ओळी येत आणि पाठीमागची गाडी दहा मिनिटे उशिरा धावे.

मी अशा एका तरुणाचा अंत्यविधी केला आहे. चोवीस वर्षांचा, घरातील पहिला पदवीधर. गर्दीत त्याचा हात सुटला होता. विधी आटोपल्यावर मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा आईने त्याचा महिन्याचा पास माझ्या हातात ठेवला. अजून अठरा दिवस बाकी होते. ती मला म्हणाली, ‘‘फादर, हा परत करता येतो का?’’ पैशांसाठी तिने ते विचारले नव्हते, एवढे मला कळले. त्यापलीकडे काय उत्तर द्यावे हे मला सेमिनरीत कुणी शिकविले नव्हते आणि आजही ठाऊक नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम मार्गावर सात गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत बॉम्बस्फोट झाले आणि १८९ माणसे ठार झाली. माटुंगा ते भाईंदर या पट्ट्यातील ते रक्त घरी परतणाऱ्या माणसांचे होते. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या आणि माणसेही चढली. त्याला सर्वांनी मुंबईचे धैर्य म्हटले. धैर्य होतेच. परंतु दुसरी वाटच नसलेल्या माणसाच्या निमूटपणालाही आपण पुष्कळदा धैर्याचे नाव देतो, याची मला तेव्हा आणि नंतरही टोचणी लागून राहिली.

निरोप

१९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने बदलाला गती आली. दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आणून तारांचे परिवर्तन तुकड्यातुकड्याने करायचे, अशी ती योजना. नोव्हेंबर २००७ मध्ये जांभळ्या-पांढऱ्या रंगाची नवी गाडी पश्चिम मार्गावर धावली. तिच्यात छतातून वारा येई, सुटताना हिसका बसत नसे, आणि थांबताना ती आपल्या वेगाची वीज करून तारेत परत पाठवी. जुनी गाडी जे उधळीत होती, ते नवी गाडी परत करू लागली. २००९ मध्ये पंधरा डब्यांची गाडीही आली.

काम सोपे नव्हते. रोज लाखो माणसे वाहणारी वाट बंद न करता, रात्रीच्या दोन-तीन तासांत आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये, तिच्या रक्तवाहिन्या बदलायच्या होत्या. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला भोवती अधिक मोकळी जागा लागते. त्यामुळे ब्रिटिश काळातील बुटके पूल आडवे आले. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला. हे काम करणारे गँगमन, तारांवर चढणारे कामगार आणि अभियंते यांची नावे कुठल्याही शिलालेखावर नाहीत.

पुणे आणि इगतपुरीकडील घाटमार्ग आधीच बदलले होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा संपूर्ण उपनगरी मार्ग नव्या दाबावर गेला. आपल्या वसईतून डी. सी. गाडीने निरोप घेतला तो तेव्हा, शहात्तर वर्षांच्या सोबतीनंतर. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग बदलला आणि शेवटी उरली ती हार्बर, जिथून प्रारंभ झाला होता. काही जुन्या डब्यांना नवी यंत्रणा बसविण्यात आली. बाकीचे भंगारात गेले.

आणि विरारची ती भिंत? एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटहून निघालेली लोकल विरारला न थांबता पुढे डहाणूपर्यंत गेली. वर्षभरानंतर, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. लोकलच्या फेऱ्या थोड्या होत्या आणि गर्दी अपरंपार होती. पण सफाळ्याची भाजीवाली टोपली न उतरविता दादरला जाऊ शकली. १९३६ साली जे माझ्या आजीला मिळाले, ते तिला सत्त्याहत्तर वर्षांनी मिळाले.

३ फेब्रुवारी २०२५ रोजी भारतातील विजेच्या आगगाडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. सोहळे झाले, भाषणे झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी, ९ जूनला, मुंब्रा येथे दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काही दगावले. गाडी नवी होती, तार पंचवीस हजार व्होल्टची होती. दार तेवढे उघडेच होते. २०१७ च्या नाताळच्या दिवशी पश्चिम मार्गावर बंद दारांची वातानुकूलित लोकल सुरू झाली. पण दारे बंद होण्याचे भाग्य अद्याप प्रामुख्याने जादा भाडे देणाऱ्याच्या वाट्याला आले आहे.

म्हणून जुन्या गाडीची कहाणी सांगताना मला गहिवर येत असला तरी त्यात मी रमत नाही. तिने आपल्याला घडविले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याचबरोबर एका जुन्या आकड्याच्या आडोशाने आपण किती वर्षे किती दुःख सोसले आणि सोसू दिले, हेही मान्य केले पाहिजे. पंधराशे व्होल्ट होते तोवर आपण म्हणू शकत होतो की तारेतच जोर नाही. आता ती सबब संपली आहे.

त्या आईचा प्रश्न मी अजून जपून ठेवला आहे. विरारला किंवा पालघरला मुले गाडीची वाट पाहत फलाटावर उभी दिसली, की तो मला आठवतो. या मुलांना दारात उभे राहावे लागणार नाही अशी गाडी मिळेपर्यंत त्याचे उत्तर आपण देणे लागतो.